विमान एकदाच उतरतं, पण परतीच्या तारखा तीन: परदेशातून नागपूरला परतणाऱ्यांसाठी पैसा, कागद आणि सरकारी मदत

सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेने नव्या एच-1बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या, अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं आणि मनीष नगर, बेसा, त्रिमूर्ती नगर भागातल्या कितीतरी घरांत व्हिडिओ कॉलवरचा विषय बदलला. "यंदा येता का?" ऐवजी "कायमचे येता का?" असं विचारलं जाऊ लागलं. कामठी, मोमिनपुरा इथल्या घरांना हा प्रश्न नवा नाही. तिथला वेल्डर, फिटर, ड्रायव्हर आखातातला करार संपला की परत येतोच. काही महिने घरी राहतो, पुन्हा जातो, आणि एक दिवस जायचं थांबतो.

दोघांचे पगार वेगळे, पण परतल्यावर अडचण एकाच जागी येते. बँक म्हणते तुम्ही आता निवासी. आयकर खातं म्हणतं अजून नाही. रेशन दुकानदार म्हणतो, यादीत नावच नाही. "काहून बाप्पा, पासपोर्ट तर भारताचाच आहे ना?" आहे. पण प्रश्न पासपोर्टचा नाही.

सुनेच्या रेशनकार्डासारखी गोष्ट

लग्न होऊन मुलगी सासरी आली की तिचं नाव सासरच्या कार्डावर आपोआप चढत नाही. आधी माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणावा लागतो. तो नसेल तर ती घरात राहते, स्वयंपाक करते, पण कार्डाच्या हिशेबात कुठेच नसते.

परदेशातून परतणं असंच असतं, फरक इतकाच की इथे कार्डं तीन आहेत आणि प्रत्येकावर नाव चढण्याची तारीख वेगळी. पहिलं कार्ड परकीय चलन कायद्याचं, म्हणजे फेमाचं. ते तुमचा इरादा पाहतं. कायमचं राहायला किंवा इथे नोकरी-धंदा करायला आलात, तर उतरलात त्या दिवसापासून निवासी. दुसरं कार्ड आयकराचं. त्याला इराद्याशी घेणंदेणं नाही, ते दिवस मोजतं. तिसरं राज्याच्या योजनांचं. ते इरादाही पाहत नाही, दिवसही मोजत नाही, फक्त कागद मागतं: रेशनकार्ड, अधिवास दाखला, आधार. परतणाऱ्यांच्या बहुतेक चुका एका कार्डाचा नियम दुसऱ्याला लावल्याने होतात.

पहिलं कार्ड: बँकेला कधी सांगायचं?

लगेच. इथे 182 दिवसांची वाट पाहायची नसते. हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि तो आयकराच्या नियमावरून आलेला आहे.

परदेशात असताना बहुतेकांची दोन खाती असतात. एनआरई म्हणजे बाहेरची कमाई रुपयांत ठेवायचं खातं, आणि एनआरओ म्हणजे इथलं घरभाडं, शेताचा ठेका वगैरे जमा होणारं. परतल्यावर शाखेत जाऊन निवासी दर्जा बदलल्याचा अर्ज द्यायचा. सोबत पासपोर्टवरचा आगमनाचा शिक्का, आणि मिळाला असेल तर व्हिसा रद्द झाल्याचा कागद. मग एनआरओचं साधं बचत खातं होतं. एनआरईतल्या पैशासाठी दोन वाटा असतात: साधं रुपयातलं खातं, नाहीतर आरएफसी, म्हणजे परतलेल्यांसाठीचं परकीय चलनातलं खातं.

आरएफसीबद्दल शाखेत कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. यात पैसा डॉलर, पौंड अशा चलनातच राहतो आणि तो पुन्हा बाहेर पाठवायला वार्षिक मर्यादा आड येत नाही. मुलगा अजून तिकडे शिकतोय, किंवा दोन वर्षांनी परत जायचा विचार आहे, अशांना हेच खातं योग्य. एकदा पैसा साध्या रुपया खात्यात गेला की बाहेर पाठवताना सर्वसामान्य निवासी माणसाच्या मर्यादेत आणि कागदपत्रांत अडकावं लागतं. परकीय चलनातली एफसीएनआर मुदत ठेव असेल तर ती मोडायची घाई करू नका. ठरलेल्या व्याजदराने मुदत पूर्ण होईपर्यंत ती चालू ठेवता येते.

"एनआरईचं व्याज करमुक्त आहे, मग खातं तसंच राहू दिलं तर?" ती करमाफी खात्याच्या नावाला नसते, तुमच्या फेमातल्या दर्जाला असते. तुम्ही निवासी झालात त्या दिवसापासून, पासबुकावर एनआरई छापलेलं असलं तरी, व्याज करपात्र होतं. शिवाय चुकीच्या दर्जाचं खातं चालवणं हा फेमाचा भंग, त्यात गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट दंडाची तरतूद आहे. एनआरओ न बदलण्यात तर सरळ आपलंच नुकसान. अनिवासीच्या व्याजावर बँक 30 टक्के आणि त्यावर उपकर कापत राहते, निवासीला एका मर्यादेनंतर फक्त 10 टक्के लागतो. आयकर विवरण भरून पैसे परत मिळतात, पण वर्षभर ते अडकतात.

याच फेरीत पॅन आणि आधार जोडून घ्या. अनिवासी असताना जोडणीतून सूट होती, ती परतल्यावर संपते. न जोडलेलं पॅन निष्क्रिय झालं की परतावा अडकतो आणि कर जास्त दराने कापला जातो.

दुसरं कार्ड: ऑक्टोबरची पहिली तारीख

आयकराचं वर्ष एप्रिल ते मार्च. 1 एप्रिल 2026 पासून नवा प्राप्तिकर कायदा, 2025 लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण दिवसांचा हिशेब तोच आहे. त्या वर्षात भारतात 182 किंवा अधिक दिवस राहिलात तर निवासी. किंवा, त्या वर्षात 60 दिवस आणि मागच्या चार वर्षांत मिळून 365 दिवस राहिला असाल, तरी निवासी.

आता बोटांवर मोजा. 1 ऑक्टोबर ते 31 मार्च हे बरोबर 182 दिवस. म्हणजे त्या वर्षात आधी एकही चक्कर झाली नसेल, तर 1 ऑक्टोबरला उतरणारा निवासी आणि 2 ऑक्टोबरला उतरणारा, 181 दिवसांमुळे, अनिवासी. उतरण्याचा दिवसही धरायचा. लीप वर्षात एक दिवस सरकतो. जूनमध्ये लग्नाला आठ दिवस येऊन गेला असाल तर तेही त्यात.

निवासी झालो म्हणजे जगभरच्या कमाईवर लगेच कर, असं मात्र नाही. कायद्याने एक मधली पायरी ठेवली आहे. तिचं अधिकृत नाव 'निवासी, परंतु सामान्यतः निवासी नाही', बोलीत आरएनओआर. आपण अर्धा रहिवासी म्हणू. मागच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असाल, किंवा मागच्या सात वर्षांत भारतात 729 दिवसांपेक्षा जास्त राहिला नसाल, तर ही पायरी मिळते. अर्ध्या रहिवाशाला बाहेरचं घरभाडं, शेअरचा नफा, बँकेचं व्याज यांवर इथे कर नाही, अट अशी की ते उत्पन्न आधी बाहेरच मिळालेलं असावं आणि भारतातून चालवलेल्या धंद्याचं नको.

समजा, बारा वर्षं अमेरिकेत असलेलं आणि दरवर्षी महिनाभर सुट्टीला येणारं एक कुटुंब आहे. नोव्हेंबर 2026 मध्ये परतलं तर 2026-27 साठी ते अनिवासी, मग 2027-28 आणि 2028-29 ही दोन वर्षं अर्धे रहिवासी, आणि 2029-30 पासून पूर्ण. तेच 1 ऑगस्ट 2026 ला परतलं तर त्या वर्षाचे 243 दिवस भरतात. 2026-27 हेच अर्ध्या रहिवासाचं पहिलं वर्ष ठरतं आणि पूर्ण कर 2028-29 पासून, म्हणजे एक वर्ष आधी सुरू होतो. तिकडचं घर किंवा शेअर विकायचे असतील तर हे एक वर्ष मोठं आहे.

खरा चटका थोड्या वर्षांच्या लोकांना

तीन-चार वर्षंच बाहेर राहिलेल्यांचं गणित उलटं असतं आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. जुलै 2023 मध्ये रियाधला गेलेला एखादा अभियंता घ्या. तो जानेवारी 2027 मध्ये परततो. मागच्या चार वर्षांत 2022-23 हे पूर्ण वर्ष तो नागपुरातच होता, म्हणजे 365 दिवस कधीच भरले. आता त्याला 182 नव्हे, 60 दिवसांचा नियम लागतो. 31 जानेवारीला उतरला तर मार्चअखेर 60 दिवस, 1 फेब्रुवारीला उतरला तर 59. एका दिवसाने तो निवासी ठरू शकतो. आणि सात वर्षांतले दिवस 729 च्या कितीतरी वर गेलेले असल्याने अर्ध्या रहिवासाची पायरी त्याला नाहीच. मग त्या वर्षातला, एप्रिलपासूनचा सौदीतला पगारही इथल्या विवरणात येतो. तिथे आयकर भरलेलाच नसल्याने वजावटही मिळत नाही.

"मी तर सुट्टीवर आलेलो, मला 60 लागत नाही," असं काहीजण म्हणतात. ती सवलत भेटीला येणाऱ्या भारतीय नागरिकाला आहे. नोकरी सोडून सामान घेऊन आलेला माणूस भेटीला आला म्हणणं टिकत नाही. अशा वेळी दुहेरी कर कराराचा आधार मिळतो का, हे सीएला तिकीट काढण्याआधी विचारा, उतरल्यावर नव्हे. साध्या वेल्डरने मात्र घाबरायचं कारण नाही. नव्या करप्रणालीत निवासी माणसाला 12 लाखांपर्यंतच्या साध्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर येत नाही. विवरण तेवढं भरायचं.

"तिकडचं खातं आहे हे इथे कोणाला कळतं?"

कळतं. अमेरिकेशी 2015 पासून आणि अमिरातीसह बऱ्याच देशांशी त्यानंतर खात्यांच्या माहितीची देवाणघेवाण चालते. नोव्हेंबर 2024 मध्ये आणि पुन्हा 2025 मध्ये आयकर खात्याने परदेशी खाती असलेल्यांना स्मरणाचे संदेश पाठवले, ते याच माहितीवरून.

पूर्ण रहिवासी झालात की विवरणातल्या 'परदेशी मालमत्ता' या तक्त्यात प्रत्येक खातं, शेअर, घर दाखवावं लागतं, त्यावर उत्पन्न नसलं तरी. अर्ध्या रहिवाशाला हा तक्ता नाही. न दाखवल्यास काळा पैसा कायदा, 2015 खाली 10 लाखांचा दंड आहे. घर-जमीन सोडून बाकीची मालमत्ता मिळून 20 लाखांपर्यंत असेल तर ऑक्टोबर 2024 पासून हा दंड लागत नाही, पण दाखवायची जबाबदारी राहतेच. हमखास होणारी चूक म्हणजे हा तक्ता एप्रिल-मार्चने भरणं. तो जानेवारी ते डिसेंबरचा असतो.

अमेरिकेतलं 401(के) सारखं निवृत्ती खातं असेल तर आणखी एक काम. तिकडे कर पैसे काढताना लागतो आणि इथे मात्र दरवर्षी वाढीवर लागू शकतो, हा घोळ मिटवण्यासाठी अमेरिका, ब्रिटन, कॅनडा या तीन देशांच्या खात्यांना काढतानाच कर लावून घेण्याचा पर्याय दिला आहे. तो मुदतीत वेगळा फॉर्म भरून निवडायचा असतो आणि एकदा निवडला की मागे घेता येत नाही.

निघण्याआधी तिकडे आटपायचं

हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण नागपुरात बसून रियाधच्या कचेरीतून कागद काढणं किती कठीण हे ज्याला करावं लागतं त्यालाच माहीत.

आखातात पेन्शन नसते, सेवाअखेरचं उपदान असतं, बोलीत ग्रॅच्युइटी. अमिरातीत किमान एक वर्ष झालं की पहिल्या पाच वर्षांना दरवर्षी 21 दिवसांचा आणि पुढे दरवर्षी 30 दिवसांचा मूळ पगार मिळतो. मूळ पगार 3,000 दिरहम आणि नोकरी आठ वर्षं, तर रोजचे 100 दिरहम. पाच वर्षांचे 105 दिवस, तीन वर्षांचे 90 दिवस, मिळून 19,500 दिरहम. इथे 'मूळ' या शब्दावर बोट ठेवा. हातात पाच हजार येत असले तरी करारात मूळ तीन हजार असेल तर हिशेब तीनचाच. पैसे करार संपल्यापासून 14 दिवसांत द्यायचे असतात. सौदीत पहिल्या पाच वर्षांना अर्ध्या महिन्याचा, पुढे पूर्ण महिन्याचा पगार. पण स्वतः राजीनामा दिलात तर दोन ते पाच वर्षांच्या नोकरीला एक तृतीयांश, पाच ते दहाला दोन तृतीयांश आणि दहा झाल्यावरच पूर्ण. नऊ वर्षं दहा महिने झालेल्या माणसाने आईची तब्येत म्हणून घाईने राजीनामा टाकण्याआधी दोन महिन्यांची रजा मिळते का ते पाहावं.

उपदान जमा होण्याआधी तिकडचं बँक खातं बंद करू नका. नोकरीचा अनुभव दाखला कंपनीच्या शिक्क्यासह घ्या आणि त्यात नुसतं 'कामगार' नको, कामाचं नाव हवं: सहा-जी पाइप वेल्डर, टॉवर क्रेन चालक, जे असेल ते. व्हिसा रद्द केल्याचा कागद, शेवटच्या सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, आणि मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला तिथल्या शिक्षण खात्याच्या साक्षांकनासह आणा.

अमेरिकेतून परतणाऱ्याने सोशल सिक्युरिटीची, म्हणजे तिकडच्या सरकारी पेन्शनची, 40 क्रेडिट्स, म्हणजे साधारण दहा वर्षं, भरली का ते पाहावं. भारताचा अमेरिकेशी सामाजिक सुरक्षा करार नाही, त्यामुळे नऊ वर्षं भरलेलं इथल्या पेन्शनला जोडता येत नाही आणि परतही मिळत नाही. जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान यांच्याशी असे करार आहेत. तिथून आलेल्यांनी तिकडचा विमा क्रमांक जपून ठेवावा.

तिसरं कार्ड: सरकार देतं तरी काय?

रोखठोक सांगायचं तर, परतलेला म्हणून वेगळं असं फार थोडं. आणि हे खटकण्यासारखं आहे. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत 2023-24 मध्ये बाहेरून आलेल्या पैशात महाराष्ट्राचा वाटा 20.5 टक्के, केरळचा 19.7. पण केरळने 1996 मध्येच अनिवासींसाठी वेगळं खातं उभं केलं. तिथे दोन वर्षं बाहेर राहून परतलेल्याला धंद्यासाठी 30 लाखांपर्यंतच्या प्रकल्पावर 15 टक्के, कमाल तीन लाख, भांडवली अनुदान आणि व्याजात सूट मिळते. प्रवासी कल्याण मंडळाची वर्गणी भरणाऱ्याला पेन्शनही आहे. नागपूरच्या माणसाला मात्र सर्वांसाठीच्या योजनांतच आपली जागा शोधावी लागते.

केंद्राच्या योजना मुख्यतः बाहेर असतानाच्या आहेत. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर एमिग्रेशन, म्हणजे परदेशगमन, तपासणीची नोंद असते. त्यांनी आखातासह ठरावीक 18 देशांत जाण्याआधी परवानगी घ्यावी लागते आणि तेव्हाच प्रवासी भारतीय विमा काढावा लागतो: दोन वर्षांना 275 रुपये, तीन वर्षांना 375, अधिक कर. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला 10 लाख. ही पॉलिसी घरी ठेवलेली असते आणि बायकोला माहीत नसते, असं बऱ्याच घरांत असतं. कागद कपाटातून काढा आणि वारसाचं नाव बरोबर आहे का ते बघा. दूतावासाचा समुदाय कल्याण निधी अडकलेल्याला तिकीट, तात्पुरता निवारा, मृतदेह आणण्याचा खर्च देतो, पण तिकडे असताना. परतल्यावर त्या दारावर जाऊन उपयोग नाही. पगार थकवून पाठवलं असेल तर 'मदद' पोर्टलवर तक्रार घालता येते. कराराची प्रत आणि पावत्या नसतील तर ती पुढे सरकत नाही.

आता रेशनकार्ड, खरंखुरं. धान्य नको असेल तरी ते हवं, कारण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत 2024 पासून पिवळ्या, केशरी आणि पांढऱ्या, सगळ्याच कार्डधारक कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. सत्तरीच्या वरच्या आई-वडिलांना आयुष्मानचं वेगळं कार्ड उत्पन्न न पाहता मिळतं. वर्षानुवर्षं बाहेर असलेल्याची कार्डावरची ई-केवायसी झालेली नसते आणि नाव निलंबित होतं. शहरात अन्नधान्य वितरण अधिकाऱ्याच्या परिमंडळ कार्यालयात, कामठीसारख्या ठिकाणी तहसीलच्या पुरवठा शाखेत नाव पुन्हा चढवा आणि मग दुकानातल्या ई-पॉस मशीनवर बोट लावा. पंधरा वर्षं ग्राइंडर धरलेल्या हाताच्या रेषा पुसट झालेल्या असतात. मशीन तीनदा, चारदा नाकारतं, मागे रांग वाढते, दुकानदार म्हणतो उद्या या. उद्याही तेच होणार. आधी आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे नव्याने द्या आणि तिथेच चालू मोबाइल नंबर जोडा, किंवा चेहऱ्यावरून ई-केवायसी करणारं ॲप वापरा.

धंदा टाकायचा असेल तर

सिव्हिल लाइन्समधलं जिल्हा उद्योग केंद्र हा सुरुवातीचा पत्ता. 2025-26 पर्यंत चाललेल्या नियमांप्रमाणे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात सेवा व्यवसायाला 20 लाख आणि उत्पादनाला 50 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. सर्वसाधारण गटाला शहरात 15 टक्के, ग्रामीण भागात 25 टक्के अनुदान. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास, अल्पसंख्याक, माजी सैनिक यांना 25 आणि 35 टक्के. चालू वर्षाचं परिपत्रक खिडकीवर पाहूनच अर्ज करा.

वाडीत फॅब्रिकेशनचं दुकान टाकायला 20 लाख लागणार असतील तर सर्वसाधारण गटातल्याने स्वतःचे 10 टक्के म्हणजे दोन लाख घालायचे, 18 लाख बँकेचं कर्ज, आणि शहरी दराने तीन लाख अनुदान. हे तीन लाख हातात येत नाहीत, इथेच बहुतेकांचा भ्रमनिरास होतो. ते तुमच्या नावाने बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकतात. त्यावर व्याज नाही आणि तेवढ्या कर्जावरही व्याज लागत नाही. तीन वर्षांनी दुकान चालू आहे हे पाहून ते कर्जात वळते होतात. जागेची किंमत प्रकल्पात धरली जात नाही. 'मुद्रा' तर नुसतं कर्ज आहे, अनुदान नव्हे.

अर्ज अडतो तो बँकेत. दहा वर्षं बाहेर राहिलेल्याचा इथे कर्जाचा इतिहास कोरा असतो, विवरणं भरलेली नसतात, सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदवहीत, काहीच दिसत नाही. मॅनेजरला कोरी पाटी म्हणजे धोका वाटतो. उपाय असा: परतण्याआधीची दोन-तीन वर्षं इथल्या व्याजाचं का होईना विवरण भरा, एखादं छोटं कर्ज किंवा ठेवीवरचं क्रेडिट कार्ड घेऊन नीट फेडा, आणि यंत्राचं कोटेशन जीएसटी क्रमांकासह आणा. उतरल्या उतरल्या सगळी पुंजी बेसा-घोगलीच्या प्लॉटमध्ये घालणारे पुढे स्वतःच्या 10 टक्क्यांसाठी सोनं गहाण ठेवतात.

नोकरी आणि जुना पीएफ

बुटीबोरी-हिंगण्यात हाताला काम येतं हे पुरत नाही, भरती करणारा प्रमाणपत्र मागतो. कौशल्य विकास योजनेतल्या पूर्वकौशल्य मान्यतेतून, म्हणजे आरपीएलमधून, छोटं प्रशिक्षण आणि परीक्षा देऊन ते मिळतं. तिथे आखाताचा कामाचं नाव असलेला दाखला कामी येतो. राज्याच्या महास्वयम पोर्टलवर नोंद करून ठेवा. गवंडी, लोखंड बांधणाऱ्यांना बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी फायद्याची, पण तिला मागच्या बारा महिन्यांत इथे 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. दोहातले दिवस धरत नाहीत, म्हणून परतल्यावर तीन महिन्यांनी जा. परदेशी पदवी असेल तर समकक्षता आता यूजीसीच्या एप्रिल 2025 च्या नियमांनुसार मिळते. डॉक्टर, नर्स, वकील, वास्तुविशारद यांना आपापल्या परिषदेचाच दरवाजा.

जाण्याआधी इथे नोकरी केली असेल तर जुना पीएफ काढून टाकू नका. कर्मचारी पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, पण ती सलग लागत नाही. जाण्याआधीची सहा आणि परतल्यावरची चार, मिळून दहा होतात, फक्त मधे पेन्शनची रक्कम काढलेली नको आणि खातं एकाच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या क्रमांकावर, हवं. अडचण येते ती जुन्या मोबाइल नंबरची. तो बंद पडून दुसऱ्याच कोणाला गेलेला असतो आणि ओटीपी त्याच्याकडे जातो.

मुलं: दहावी कुठे, हा मोठा प्रश्न

महाराष्ट्रात एमबीबीएसच्या राज्य कोट्याला दहावी आणि बारावी दोन्ही राज्यातून उत्तीर्ण असावी लागते, काही अपवाद सोडून, आणि अधिवासही हवा. अकरावीला परतणाऱ्या मुलाचा हा कोटा बहुधा हातचा जातो. म्हणून डॉक्टर व्हायचं असेल तर दहावीच्या आधी या. अभियांत्रिकीत इतकं कडक नाही. आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असतील तर वेगळ्या गटातून राज्याच्या जागा मिळतात. अधिवासाला साधारण 15 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागतात, तेव्हा आजोबांच्या घरावरची जुनी कर पावती, पालकांचे शाळेचे दाखले सांभाळून ठेवा.

मूल तिकडे जन्मून तिकडच्या पासपोर्टवर असेल तर त्याचं ओसीआय कार्ड काढलं असेल ना? हे नागरिकत्व नव्हे, आयुष्यभराचा परवाना आहे. त्यावर राहता येतं, खासगी नोकरी करता येते, फ्लॅट घेता येतो. मतदान, सरकारी नोकरी, शेतजमीन विकत घेणं मिळत नाही. काटोलची संत्र्याची बाग नातवाच्या नावाने विकत घ्यायचा विचार असेल तर तो इथेच थांबवा. 4 मार्च 2021 नंतर कार्ड मिळालेल्यांना नीट, जेईईतून फक्त अनिवासी किंवा अतिरिक्त जागा. त्याआधीचं कार्ड असलेल्यांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये राखला, म्हणून कार्डावरची तारीख पाहा. अशा मुलाला आधारही लगेच नाही, मागच्या बारा महिन्यांत 182 दिवस इथे राहिल्यावर मिळतं. भारतीय पासपोर्ट असलेल्या भावाला मात्र उतरल्या दिवशीही मिळतं. एकाच घरात एकाचं आधार झालेलं आणि दुसऱ्याचं नाही, असं दिसलं तर आधार केंद्रवाल्याशी भांडू नका, नियम तसाच आहे.

आणि गाडी चालवण्याआधी खिशातला परवाना एकदा बघा. मुदत संपून वर्षापेक्षा जास्त झालं असेल तर नुसतं नूतनीकरण होत नाही. एमएच-31 असो, 49 असो की 40, पुन्हा आरटीओच्या ट्रॅकवर चाचणी द्यावी लागते, दुबईच्या शेख झायेद रोडवर बारा वर्षं गाडी हाकलेली असली तरी.